करंगळीचं नख

मुलांनो, जरा माझ्यासोबत कल्पना करा. एका खोपटात तीन महिन्यांचं बाळ आहे आणि ते रडत नाही. भूक लागली तरी रडत नाही, नाकावर माशी बसली तरी नाही, शेजारची बकरी झोळीला शिंग लावून गेली तरी नाही. येणारी-जाणारी म्हणते, "काय गुणाचं लेकरू हाये वं!" तुमच्यापैकी ज्यांच्या घरी तान्हं भावंड आहे, त्यांना हे खरं वाटणार नाही. तान्ही मुलं रडतात. बोलता येईपर्यंत त्यांचं बोलणं तेच. मग हे का रडत नाही? उत्तर आत्ताच देऊ नका. आधी त्या खोपटातून बाहेर या, आगगाडीचे रूळ जपून ओलांडा, आणि माझ्यामागे वाशिमच्या जीनमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, चला. उन्हं तापू लागली आहेत, हंगामाचे शेवटचे दिवस आहेत. त्या बाळाची आई तिथं कामाला आहे, आणि आज आपल्याला तिच्या मनात जाऊन बसायचं आहे. मन म्हणजे काही सरळ रस्ता नव्हे; ते पुढे जाता जाता मागे वळतं. हात सोडू नका, म्हणजे झालं.

रुपाबाईच्या करंगळीचं नख तुटलं. झालं ते एवढंच. रांगेनं रेचे, सरकी वेगळी करायची यंत्रं, धडधडत होते, प्रत्येक रेच्यापुढे एक बाई उभी, ओंजळीनं कापूस सोडत. रुई एकीकडे उडायची, सरकी खाली गळायची. रेच्यात कापूस सोडायच्या पेटीच्या लाकडाला फट होती. त्या फटीत करंगळी अडकली, तिनं हात ओढला, आणि कट् असा आवाज झाला. त्या धडधडाटात तो कुणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं. तिला मात्र तो ऐकू आला. रक्त नाही, दुखलंही नाही. तिनं कापसात बोटं घालून नख शोधलं. छोट्या चमच्यासारखं वाकलेलं, आतल्या खळग्यात काळी रेघ. शेजारच्या रेच्यावरच्या रुखमाबाईनं मान वळवली. "काय झालं वं? बोट गेलं का?" "नाई. नख." "नखासाठी असं तोंड? मले वाटलं परगावाहून नवऱ्याची तार आली." रुखमाबाई आपल्याच बोलण्याला हसली. रुपाबाई हसली नाही. "गोयीचं नख व्हतं," ती म्हणाली. तेव्हा रुखमाबाईचं हसू ओठांवर आलं तसंच थांबलं, आणि तिनं दोन्ही हात पुन्हा कापसात घातले.

ते नख असं तसं नव्हतं. रुपाबाईच्या तांड्यात, तिकडं मेडशीच्या बाजूला, बाई पोटुशी राहिली आणि दिवस भरत आले की ती उजव्या करंगळीचं नख कापणं सोडायची. सासू ते दगडावर घासून गोल करून द्यायची. बाळ झालं, आई कामाला निघाली, की त्या नखाच्या खळग्यात बसेल तेवढी अफू दुधात विरघळवून बाळाला चाटवायची. मूल दिवसभर निजून राहायचं. शेताच्या बांधावर, झाडाच्या सावलीत, जीनच्या भिंतीशी, कुठंही. बाळगोळी म्हणायचे तिला, नाहीतर नुसतं 'गोयी'. त्यात लपवण्यासारखं कुणालाच काही वाटत नव्हतं. रुपाबाईला तिच्या आईनं दिली होती, आईला तिच्या आईनं. नख कापायचं मात्र नाही, मूल चालू लागेपर्यंत. नख कापलं तर माप मोडतं. मागच्याच महिन्यात गोमती, तिची थोरली, शाळेतून आली आणि आईचा हात धरून म्हणाली, "याडी, हे काप. आमचे गुरुजी सोमवारी हात पुढं करायले लावतात. नख दिसलं की छडी." रुपाबाईला हसू आलं होतं. "मंग तुह्या गुरुजीले सांग, माही याडी शायेत नाई." गोमती हसली नव्हती. तिनं ते नख उलटसुलट करून पाहिलं होतं आणि विचारलं होतं, "हे येवढं कवा झालं?"

हे येवढं कवा झालं. रेच्यापुढे उभी राहून रुपाबाईनं तुटकं नख तळहातावर ठेवलं आणि लेकीचा प्रश्न आत्ता, महिन्यानं, तिच्या कानात शिरला. खोपटातलं ते बाळ, मोहन, झालं तेव्हा, सव्वा महिन्यानं ती कामावर आली तेव्हा, नख मांसाच्या जरासंच वर होतं. खळग्यात राईच्या दाण्याएवढं मावायचं. आता त्यात ज्वारीचा दाणा आरामात बसला असता. माप मोडू नये म्हणून तिनं नख जपलं होतं. धुणं धुताना करंगळी वर धरली होती, चुलीतली राख काढताना डावा हात वापरला होता. कापायचं नाही, ही तांड्याची रीत; आणि वाढायचं, ही नखाची रीत. दोन्ही रीती शेजारी शेजारी चालत होत्या आणि तिनं कधी दोघींना एकत्र पाहिलं नव्हतं. सकाळी मोहन किरकिरत होता. तिनं नख काठोकाठ भरलं होतं, वर अंगठ्यानं दाबलं होतं. निघताना छातीशी लावला तेव्हा त्यानं नीट ओढलं नव्हतं, दूध ओठांच्या कोपऱ्यातून गळलं होतं. घाईत तिनं पदरानं पुसलं. भोंगा झाला होता.

आणि मग तिच्या मनात सेवालाल आला. तो असा बोलावल्याशिवायच यायचा, पण आजवर येताना तो नेहमी निजलेला असायचा, टोपडं घातलेला, शांत. गोमतीच्या पाठचा मुलगा. थंडीचे दिवस, मेडशीच्या रानात वेचणी, बांधावर बाभळीला टांगलेली झोळी. किती दिवस झाले होते नख वाढवून? सासू कौतुकानं बायकांना म्हणत होती, "पाहा, माह्या सुनेचं नख. मोडलं नाई अजून." दुपारी रुपाबाई ओटीतला कापूस रिकामा करून झोळीपाशी गेली तेव्हा पोरगा थंड होता. कुणी म्हणालं दृष्ट लागली, कुणी म्हणालं विहिरीच्या वाटेवरच्या कशानं तरी झपाटलं. सासूनं लिंबू उतरवलं, कोंबडं कापलं. सगळ्यांनी सगळं केलं. नखाकडं कुणी पाहिलं नाही. ज्या हातानं रुपाबाईनं त्याचं तोंड झाकलं, त्याच हाताला ते होतं. आज सेवालाल आला तो निजलेला नव्हता. तो तिच्याकडं पाहत होता. तिनं तुटकं नख मुठीत घट्ट धरलं आणि रेच्यापासून मागे झाली.

"ए रुपे! कुठी चालली? भोंगा झाला का?" मुकादम ओरडला. "लेकराकडं जातो." "लेकरं का तुलेच हायेत? रेचा कोन पाहीन, तुहा बाप?" ती थांबली नाही. मागून रुखमाबाईचा आवाज आला, "ओरडू नका जी, मी दोन्ही पाहातो!" मुकादम आणखी काही बोलला, पण त्यानं फाटकावरच्या माणसाला हात करून तिला जाऊ दिलं. ती पळू लागली. बाजारातून पळताना अफूच्या दुकानावरून जावं लागलं. दार बंद. वरची पाटी खरवडून काढलेली, तिथं फिक्कट चौकोन राहिला होता. या महिन्याच्या आरंभी ते कायमचं बंद झालं होतं. कुठं दूर, समुद्रापलीकडं, पुष्कळ देशांची माणसं एकत्र बसली होती म्हणे आणि त्यांनी ठरवलं होतं की अफू फक्त औषधापुरती राहावी. आपल्या सरकारनंही तसा शब्द दिला होता. दर साली दुकानात माल कमी येत गेला. ज्यांच्याकडं अफू घ्यायचा परवाना होता, त्यांचा वाटा दर साली लहान होत गेला. रुपाबाईच्या सासऱ्याचा, धरमसिंगचा, असा परवाना होता. उभा जन्म त्यानं पाठीवर पोती वाहिली, पाठ गेली, आणि पाठीसाठी घेतलेली गोळी पाठीपेक्षा मोठी झाली. दुकान बंद झाल्यापासून म्हातारा उन्हातही कांबळं घेऊन बसायचा, नाक गळायचं, पोटऱ्या आवळायच्या. विचारलं की म्हणायचा, "हवा लागली." खरं रुपाबाईला माहीत होतं. शेवटचा वाटा आणला तेव्हा त्यातला बराचसा त्यानं चंचीत वेगळा बांधून ठेवला होता, नातवासाठी. स्वतः एक कण घेतला नव्हता. "सून कामाले गेली तं पोरगं रडन," एवढंच म्हणाला होता. त्या मायेचं तिला आज सकाळपर्यंत डोळे भरून कौतुक होतं. आत्ता पळताना त्याच मायेची तिला भीती वाटली, आणि त्या भीतीची लाजही वाटली.

खोपटात धरमसिंग झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून हलवत बसला होता. "निजला हाये. लय गुनाचा," तो म्हणाला. तिनं मोहनला उचललं. ओठ राखेसारखे. छाती वर आली, खाली गेली, आणि मग थांबली. इतकी थांबली की रुपाबाईला रेच्याचा धडधडाट पुन्हा ऐकू येऊ लागला. मग परत वर आली. "बापू, दवाखान्यात नेतो." म्हाताऱ्याचा अंगठा थांबला. "तिथं इचारतील, अफू कुठून आनली. दुकान तं बंद हाये. शिपाई येईन घरात." हे तिलाही ठाऊक होतं. वस्तीत दोनच दिवसांपूर्वी शिपाई बोलून गेला होता, ज्याच्या घरात सापडेल त्याला बेडी. हा असा थरथरता माणूस कोठडीत किती दिवस जगेल? तिच्या कडेवर एक आणि समोर एक, दोघांचाही श्वास तिच्या जिभेवर येऊन बसला होता. बोलली तर एक जाणार, गप्प राहिली तर दुसरा. धरमसिंगनं तिच्याकडं पाहिलं. मग भिंतीला धरून उठला. "जाय तू. पय. म्या येतो मांगून. इचारलं तं म्हाताऱ्याची हाये म्हनजो."

दवाखान्याच्या ओसरीवर लतीफाबी होती. वाशिममधल्या निम्म्या घरांत तिच्या हातावर जन्मलेलं कुणी ना कुणी होतं, मोहनही. जाड चष्मा, पांढरी साडी, दंडाला काळ्या दोऱ्यात ताईत. तिनं बाळ घेतलं, पापणी वर केली. बुबुळातला काळा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा झाला होता. "डॉक्टरसाब!" तिनं आत हाक मारली आणि मग रुपाबाईकडं वळली. "गोली देल्ली ना वं? किती देल्ली?" रुपाबाईनं मूठ आणखी आवळली. मुलांनो, तुम्ही त्या जागी असता तर? मला विचाराल तर मला ठाऊक नाही. तेवढ्यात मागून खोकला ऐकू आला. धरमसिंग आला होता, कांबळं लोळत, चंची पुढं केलेली. "माही हाये. इचं नाव नोको. मले न्या." लतीफाबीनं चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं. "कुठी नेऊ, बाबा? अजमेरच्या दर्ग्याले? बसा तिथं बाकावर. हे कचेरी नाई, दवाखाना हाये. इथं चोर येत नाई, बिमार येते." मग ती पुन्हा रुपाबाईला म्हणाली, आवाज न चढवता, "मले फकत किती, तेवढं पाहिजे. बाकी काई नोको." रुपाबाईची मूठ उघडेना. लतीफाबीनं ती उघडायला लावली नाही. तिनं आपला रिकामा हात पुढं केला आणि थांबली. एका हातावर बाळ, एक हात पुढं. रुपाबाईनं त्या हातावर नख ठेवलं.

पुढचं सगळं तिला तुकड्यातुकड्यांनी आठवायचं. डॉक्टर तरुण होते, त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी नख पाहिलं, काही न विचारता सुई भरली. लतीफाबी बाळाच्या तळव्यांना टिचक्या मारत होती, ओल्या फडक्यानं तोंड पुसत होती, आणि छाती थांबली की त्याच्या नाकातोंडावर आपलं तोंड ठेवून हळूच फुंकत होती. चूल पेटती राहावी म्हणून बाया फुंकतात ना, त्याहूनही हळू. "निजू देऊ नोका त्याले. हाका मारा." रुपाबाईला हाक मारता येईना. इतके दिवस तिनं या मुलाला फक्त निजवलं होतं. त्याला उठवायचं कसं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. अंगाई तिला येत होती, तांड्यातली, लांबलचक. उठवण्याचं गाणं तिच्यापाशी नव्हतं. "मोहन," ती म्हणाली, आणि तो शब्द तिला परक्याच्या घराचं दार वाजवल्यासारखा वाटला. दुपार कलली. मधल्या सुट्टीत घरी आलेल्या गोमतीला शेजारणीनं सांगितलं असावं. ती दप्तरासकट धावत आली, दारात उभी राहिली, भावाकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. "झोपू देयाचं नाई?" तिनं विचारलं. "नाई, बेटा," लतीफाबी म्हणाली. गोमती खाली बसली. तिनं पिशवीतून पाटी काढली, पेन्सिल उभी धरली, आणि बाळाच्या कानाशी पाटीवर वरपासून खालपर्यंत ओढली. कर्रर्र. डॉक्टरांनी दात आवळले. बाकावरचा धरमसिंग म्हणाला, "अवं पोट्टे!" गोमतीनं पुन्हा ओढली. मोहनच्या कपाळावर आठी पडली. एवढीशी आठी, पण ती त्याची स्वतःची होती. तिसऱ्यांदा कर्रर्र झालं आणि त्यानं तोंड उघडलं, उघडंच ठेवलं, आणि मग आतून, फार खोलातून, एक चिरका, रागीट, बेसूर आवाज आला.

रुपाबाई ओसरीच्या पायरीवर जाऊन बसली. आत तो रडत होता. ती ऐकत होती. तिला वाटलं, आपण हे पहिल्यांदाच ऐकतो आहोत, आणि ते जवळजवळ खरंच होतं. काय रडतो! वैतागून, जगाला शिव्या दिल्यासारखा. तिचे हात आपोआप जोडले गेले, पण कुणासमोर जोडावेत हे तिला कळेना, इतके जण समोर येऊन उभे राहिले. लाकडाची फट. नख. रुखमाबाई, जी या घटकेला दोन रेच्यांमध्ये पळत असेल. मुकादमाचा तो फाटकाकडं केलेला हात. डॉक्टरांच्या कपाळावरचा घाम. एका परक्या बाईचा श्वास, जो आता तिच्या मुलाच्या छातीत होता. पाटी, पेन्सिल. तिला त्या दूरच्या माणसांचीही आठवण झाली, समुद्रापलीकडं बसून अफू बंद करणाऱ्यांची. त्यांनी बरंच केलं असेल. पण त्यांच्यापैकी कुणी झोळी टांगून भोंग्याला धावलं होतं का? दुकान बंद करायला माणूस आला होता. आता तुझं लेकरू दिवसभर कोण पाहील, हे विचारायला आला नव्हता. ते विचारलं लतीफाबीनंच, बाहेर येऊन तिच्याशेजारी टेकल्यावर. "आता आठ-दहा दिवस लय रडन तो. अंग आवळन, झोपन नाई. थोडी थोडी दवा देऊन उतरवू. घाबरू नोको. कोनापाशी ठेवशीन?" रुपाबाईनं विचारलं, "बी, माहा सेवालाल... तो बी असाच गेला का?"

लतीफाबीनं चष्मा काढून पदरानं पुसला. "मले मालूम नाई. मी तवा तिथं नव्हतो. असंन बी, नसंन बी." मग म्हणाली, "पर तू त्याले मारलं नाई, रुपाबाई. तू त्याले निजवलं. तुले कामाले जायाचं व्हतं." रुपाबाई रडली नाही. आत एकजण रडत होता, तो दोघांपुरता रडत होता असं तिला वाटलं. सेवालाल तिच्यासमोर आला, डोळे उघडे असलेला, आणि यावेळी तिनं नजर वळवली नाही.

धरमसिंगला डॉक्टरांनी घरी जाऊ दिलं नाही. त्याच्या चंचीचं काय झालं ते लतीफाबीनं कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. त्याला दवाखान्यात खाट मिळाली, औषध मिळालं, आणि पहिल्यांदाच कुणीतरी त्याला विचारलं की पाठ नेमकी कुठं दुखते. परत आला तेव्हा आजा आणि नातू शेजारी शेजारी पडून असायचे, दोघांचीही नाकं गळत, दोघांचेही पाय आवळत. "दोन तान्ही लेकरं हायेत माह्या घरात," रुपाबाई रुखमाबाईला सांगायची. "एकाले दात आले नाई, एकाचे पडले." धरमसिंग आतून ओरडायचा, "म्या ऐकून राह्यलो बरं!" पण झोळी तोच हलवायचा. आता त्याला डुलकी लागत नव्हती, आणि मोहन रडला की तो त्याच्याशी भांडल्यासारखा बोलायचा. पुढे हंगाम सुरू झाला तेव्हा लतीफाबी स्वतः जीनच्या मालकाकडं गेली. जिथं इतक्या बायका कामाला आहेत तिथं मुलांसाठी जागा हवी असं कायदाच म्हणतो, हे तिनं त्याला गोड शब्दांत आणि पुन्हा पुन्हा सांगितलं. गोदामाचा एक कोपरा मिळाला. तिथं झोळ्या टांगल्या गेल्या, आणि त्यांच्यामध्ये धरमसिंग बसू लागला. पण ते पुढचं. आपली गोष्ट त्याआधीच्या एका सकाळी संपते.

मोहनला दवाखान्यातून आणल्यानंतरची सकाळ. विहिरीवर बायकांची रांग होती. रुपाबाई दारात उभी होती, कडेवर मोहन, आकांत मांडलेला. वस्तीभर त्याचा आवाज जात होता आणि तिला त्याची जराही लाज वाटत नव्हती. तिच्या करंगळीचं उरलेलं नख गोमतीनं काल रात्री कापून टाकलं होतं. बोट उघडं, हलकं, दुसऱ्या कुणाचं असावं असं वाटत होतं. तेवढ्यात तिनं पाहिलं, गोमती शाळेला न जाता विहिरीकडं गेली आहे. पाटी बगलेत. एका दगडावर चढून ती गुरुजींसारखी उभी राहिली. "हात पुढं!" बायका हसल्या. "अवं पाहा, मास्तरीन आली!" रुखमाबाईनं घागर खाली ठेवून खोटं खोटं घाबरत दोन्ही हात पुढं केले. "छडी नोको मारू, बाई!" गोमतीनं तिची करंगळी पाहिली, मान हलवली, पुढं गेली. एकेक हात पाहत ती रांगेच्या शेवटी आली. तिथं कमलीबाई उभी होती, रुखमाबाईची सून, पहिलटकरीण, पोट चांगलं वर आलेलं. कमलीचा उजवा हात पदराखाली होता. हसू थांबलं. रुखमाबाईनं सुनेकडं पाहिलं आणि नजर विहिरीत टाकली. रुपाबाईला वाटलं, पोरगी आता हात ओढेल, ओरडेल, सगळं सांगून टाकेल. तिनं हाक मारायला तोंड उघडलं.

गोमतीनं काही ओढलं नाही. ती दगडावरून खाली उतरली, पाटी पायाशी ठेवली, आणि आपला स्वतःचा हात, कापलेल्या नखांचा, रिकामा, कमलीसमोर धरून थांबली.